खरं वजन

आमच्या सुरतेत वजनाला फार मान. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात पुडी उघडली की हिऱ्याचं वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतात. त्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात, आणि एक सेंट म्हणजे अवघे २ मिलिग्रॅम! तिथे ‘असेल अर्ध्या कॅरेटच्या आसपास’ असं म्हणून कुणी माल विकत नाही. पण याच गावात, आणि आपल्या समाजात तर जरा जास्तच, एक वजन कुणी खरं सांगत नाही. बाईचं.

हे मला जाणवलं ते एका स्प्रिंगमुळे.

माझी लेक डोंगरातली सायकल चालवते. सुरत सपाट गाव, चढ म्हणाल तर तापीवरचे पूल. म्हणून ही मंडळी मध्यरात्रीनंतर गाडीला सायकली बांधून डांगात जातात. वघई सोडलं की सागाचं, बांबूचं जंगल, मग घाट, आणि वर साधारण हजार मीटरवर सापुतारा. पलीकडे लगेच आपला नाशिक जिल्हा आणि हातगडचा किल्ला. तिथल्या दगडधोंड्यांच्या वाटांसाठी तिनं पुण्याहून एक वापरलेली सायकल घेतली. हिच्या मागच्या चाकालाही शॉकअप असतो, आणि त्यावर पोलादी स्प्रिंग.

दोन-तीनदा जाऊन आली आणि मनगटं, कंबर धरून बसली. म्हणाली, “आई, दगड आला की सायकल मला उडवूनच लावते गं.”

कारण स्प्रिंगवरच छापलेलं होतं : ५५०. म्हणजे ती स्प्रिंग एक इंच दाबायला ५५० पौंड, आपले अडीचशे किलो भार लागतो. आधीचा मालक शंभर किलोंच्या वरचा गडी होता. त्याला ती बरोबर होती. हिच्या भाराला ती धड दबतच नव्हती. जेवढा भार तेवढी स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये १६७८ साली छापला. तेव्हा आपल्या सुरतेत इंग्रजांची वखार होती. साडेतीनशे वर्षांत त्या नियमानं कुणाची भीड ठेवलेली नाही.

मग आमच्या व्हरांड्यात मोजमाप झालं. ती हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा सगळा साज चढवून, भिंतीला हात टेकून सायकलवर बसली, आणि शॉकअपच्या दोन टोकांच्या बोल्टांमधलं अंतर मी मोजलं. रिकाम्या सायकलवर २३०, ती बसल्यावर २१८ मिलिमीटर. म्हणजे दबली १२. या शॉकअपची एकूण चाल ६० मिलिमीटरची. नुसतं बसल्यावर त्यातली साधारण तीस टक्के, म्हणजे १८ खर्ची पडावी. तेवढं दबलेलं असलं तरच खड्ड्यात चाक खाली उतरून जमीन धरतं, आणि दगडावर चढायला पुढची चालही शिल्लक राहते.

मी विचारलं, “ती वरची रिंग ढिली केली तर नाही का चालणार?” तर नाही. त्या रिंगचा एखाद-दुसरा फेरा थोडीफार जुळवणी करायला असतो. कडक स्प्रिंग तिनं मऊ होत नाही आणि मऊ स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगच बदलावी लागते. आणि कोणती घ्यायची, ते ठरतं बसणाऱ्याच्या वजनावर. चाक जेवढं हलतं आणि शॉकअप जेवढा दबतो, त्यांचं गुणोत्तर असतं (हिच्या सायकलचं अडीच), ते हिशेबात धरायचं. पण पहिला आकडा वजनाचाच. तोही साजासकट.

लेक काट्यावर उभी राहिली. साजासकट ७६, एरवी ७१.

नेमक्या त्याच आठवड्यात परिचय मेळाव्यासाठी तिचा बायोडेटा तयार होत होता. आमच्या नणंदबाई, अक्का, मुद्दाम आल्या होत्या. उंची, शिक्षण, गोत्र लिहून झालं आणि वजनाचा रकाना आला. अक्का म्हणाल्या, “अठ्ठावन्न लिही. सगळेच कमी लिहितात.”

लेकीनं कागद ओढला आणि अठ्ठावन्न धरून स्प्रिंगचं गणित मांडलं. “आत्या, तुमच्या आकड्यानं मला तीनशे-सव्वातीनशेची स्प्रिंग मिळेल. मी बसले की ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दबणार. मग घाटात पहिली मोठी पायरी उतरले की शॉकअप तळाला आदळणार, आणि मी हँडलवरून पुढे.”

“सायकलचं वेगळं, स्थळाचं वेगळं,” अक्का म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून मला, “दशलक्षणात दहा दिवस एकाशन करू दे तिला. दोन-चार किलो सहज उतरतील.”

अक्कांच्या पोटात माया आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी स्वतःच्या दोन मुली अशाच आकड्यांवर उजवल्या. पण हे बोलणं मला लागलं. एकाशन तपासाठी असतं, काट्यासाठी नाही. आणि त्याच दशलक्षणात तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा येतो. मनात तेच वाणीत, वाणीत तेच करणीत, असा सरळपणा. मंदिरात आपण ते हात जोडून ऐकतो आणि घरी येऊन मुलीच्या रकान्यात तेरा किलो खोटे लिहितो. मुलगी तेवढ्यात एक गोष्ट शिकते : आपण आहोत तशा दाखवण्यासारख्या नाही.

मी अक्कांना म्हटलं, “एकाहत्तरच लिहू द्या. लग्नानंतर त्या घरात एकाहत्तर किलोंचीच मुलगी जाणार ना?”

४०० ची स्प्रिंग दुकानदारानं मागवून दिली. बसवल्यावर मोजलं, तर १७ मिलिमीटर दबली. त्या रविवारी लेक सापुताऱ्याहून चिखलानं माखून आली आणि बसल्या बैठकीला चार भाकऱ्या जेवली. कंबरेचं नाव काढलं नाही.

बायोडेटाही ७१ लिहूनच गेला. दोन घरांकडून अजून उत्तर नाही. वजनामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. अक्का माझ्याशी मोजकंच बोलतात. मला काळजी नाही असं नाही. मुलीच्या आईला ती असतेच.

पण बायांनो, भूल देणारा डॉक्टर वजन विचारतो, लेकराच्या औषधाचे थेंब वजनावर ठरतात, आता कळलं की सायकलची स्प्रिंगही वजन विचारूनच घ्यायची. यांतलं कुणी वजन ऐकून नाक मुरडत नाही. आकडा घेतात आणि पेलायची तयारी करतात. जे घर माझ्या लेकीचं वजन विचारेल, त्यानं ते एवढ्याचसाठी विचारावं.