नानीचा ठिपका आणि ४५ मेगापिक्सेल

"सर, आता फोनमध्येच दोनशे मेगापिक्सेल येतात. तुम्ही त्या जुन्या धोंड्यात लाखभर रुपये कशाला घातले?"

शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं हे विचारलं तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. धोंडा हा शब्द काही चुकीचा नव्हता. निकॉन डी ८५० ची बॉडी बॅटरीसकट एक किलो भरते, आणि मी घेतली ती वापरलेली. शिवाय नांदेडच्या आमच्या घराची गच्ची दोन पावसाळे गळत होती आणि ते पैसे गच्चीसाठी बाजूला काढलेले होते. बायकोनं एवढंच विचारलं, "फोटो काढून गळती थांबणार आहे का?" दोघांनाही उत्तर देणं बाकी आहे, म्हणून लिहितो.

सुरुवात एका फोटोपासून करावी लागेल. आमच्या घरात पोस्टकार्ड आकाराचा, रंग उडालेला एक फोटो आहे. मामू नव्या बैलजोडीजवळ उभे आहेत आणि त्यांच्या मागे, लांबवर, नानीचं गाव दिसतं. गढीची भिंत, मशिदीला दिलेला चुना, एकाला एक लागून माळवदाची घरं. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते गाव गेलं. आदली रात्र गणेश विसर्जनाची होती, माणसं नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच माणसांच्या अंगावर आली. त्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. आमची नानी त्यातली एक. मामू त्या रात्री लातुरात मुक्कामी होते म्हणून वाचले.

नानीचा एकही फोटो नाही. जिवंत माणसाची तसबीर काढणं तिला मंजूर नव्हतं. कुणी कॅमेरा आणला की ती आत निघून जायची आणि आतूनच म्हणायची, "झाडां की निकालो, पहाडां की निकालो, मेरी नक्को." पण मामूंच्या त्या फोटोत एका घराच्या दारात एक पांढरा ठिपका आहे. अम्मीचं म्हणणं, ती नानीच आहे.

नोकरी लागल्यावर मी तो फोटो नांदेडच्या एका लॅबमध्ये नेला. निगेटिव्ह केव्हाच हरवली होती. फोटोवरूनच बारा बाय अठराची प्रिंट करून आणली. ठिपक्याचा भोपळ्याएवढा डाग झाला. ना पदर, ना दार. अम्मी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छोटे में अच्छी दिखती थी." मोठं करणं आणि स्पष्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजलं.

फोनबद्दलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. फोनचा सेन्सर नखाएवढा. त्यावर दोनशे मेगापिक्सेल कोंबले तरी फोन बहुतेक वेळा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण बारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. तिथे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला खराखुरा प्रकाश येतो.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या मुलखात आहे. सह्याद्रीत फोटो काढणाऱ्याला कडा मिळतो, धुकं मिळतं, धबधबा मिळतो. आपल्याकडे सहस्रकुंड सोडलं तर डोळ्यांत भरेल असं फारसं काही नाही. क्षितिजापर्यंत सपाट काळं रान, मध्ये एखादी बाभूळ, लांब एखादा मिनार किंवा कळस, बांधावरून चाललेलं माणूस. इथे जे बघण्यासारखं असतं ते सगळं लहान आणि लांब असतं. तपशील गेला की उरते ती काळी पट्टी आणि वर निळी पट्टी. म्हणून मला वाटतं, जास्त रिझोल्युशनची गरज हिमालयापेक्षा मराठवाड्याला जास्त आहे.

माझ्याकडे आधी डी ७५० होता, २४ मेगापिक्सेलचा. ४५ म्हणजे जवळजवळ दुप्पट, असं वाटतं. पण हा आकडा क्षेत्रफळाचा. लांबी बघितली तर एका फोटोत ६०१६ पिक्सेल, दुसऱ्यात ८२५६. म्हणजे दुप्पट सोडाच, दीडपटही नाही. इंचाला तीनशे ठिपके धरले तर पहिल्याची प्रिंट वीस इंच रुंद होते, दुसऱ्याची साडेसत्तावीस. साडेसात इंचांसाठी लाखभर रुपये! सोनीचा ए७आर-४ ६१ मेगापिक्सेलचा आहे, पण त्यासाठी माझ्या सगळ्या लेन्सा बदलाव्या लागल्या असत्या. निकॉनचा झेड ७ वजनानं हलका आणि तितक्याच मेगापिक्सेलचा, पण त्यात कार्ड एकच बसतं. शेवटी डी ८५० वर गाडी थांबली. तरीही घेण्याआधी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून तो दोन वेळा मागून आणला.

पहिली चाचणी एप्रिलमध्ये, विष्णुपुरीच्या धरणावर. सकाळी दहाला पलीकडचा काठ टिपला आणि घरी येऊन पाहिलं तर नवा फोटो जुन्यापेक्षा वाईट! पिक्सेलला पिक्सेल लावून बघितलं की सगळं हललेलं. दोन-तीन दिवस कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की दोष माझेच होते. तापलेल्या जमिनीवरून झळा उठत असतात आणि ती थरथर ४५ मेगापिक्सेल इमानदारीनं टिपतात. माझा ट्रायपॉड लग्नाच्या व्हिडिओचा, हलका. वाऱ्यात तो डुलत होता. आणि सगळं स्पष्ट यावं म्हणून मी ॲपर्चर एफ १६ वर नेलं होतं. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि बारकावे पुसट होतात. कॅमेरा जेवढा बारीक बघतो तेवढा तो आपला आळसही दाखवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लांबचा फोटो काढायचा तर सूर्य उगवल्यावर तासाभरात आटपावं. एफ ८ च्या आसपास राहावं, मिरर वर उचलून दोन सेकंद थांबावं, आणि ट्रायपॉडला खाली पिशवी लटकवून त्यात दगड भरावेत. दगड फुकट मिळतात.

दुसरी चाचणी ऑक्टोबरमध्ये. या वेळी मी नानीच्या गावाकडे गेलो. भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसवलं. जुन्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. सकाळी साडेसहाला माळावर उभा राहिलो. खाली सोयाबीनच्या गंजी, हिरवी तूर, त्यापलीकडे नव्या गावाची टोकाची घरं. दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच दृश्य, त्याच लेन्सनं, त्याच जागेवरून टिपलं.

दोन्हीच्या बारा बाय अठराच्या प्रिंटा अम्मीपुढे ठेवल्या. तिला फरक दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग चोवीस बाय छत्तीसच्या काढल्या. अम्मी दोन्हींजवळ गेली, एकीजवळ थांबली आणि बोट ठेवून म्हणाली, "ये औरत कौन है?" घराबाहेर एक बाई उभी होती, प्रिंटमध्ये तुरीच्या दाण्याएवढी. चेहरा दिसत नव्हता, पण पदर खोचलेला, हातात सूप. दुसऱ्या प्रिंटमध्ये त्याच जागी पोतं आहे की माणूस, हे सांगता येत नव्हतं.

मी खूश झालो. एवढ्यात अम्मीनं विचारलं, "इसकू पूछा क्या तू?"

मी तर डोंगर-झाडांचा फोटो काढला होता. नानीलाही चालला असता असा. या बाईला कुणीतरी तिनेकशे मीटरवरून टिपतंय, हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. तसबिरीवरून आमच्याकडे वाद जुना आहे आणि त्यात सगळ्यांचं एकमत कधीच नव्हतं. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामानं लाला दीनदयाळ या छायाचित्रकाराला 'मुसव्विर जंग' हा किताब दिला होता, आणि त्याच राज्यातल्या खेड्यांत माझ्या नानीसारख्या बाया कॅमेरा दिसला की आत जात होत्या. मी तो वाद सोडवू शकत नाही. पण अम्मीचा प्रश्न हलाल-हरामच्या आधीचा होता.

पुढच्या रविवारी प्रिंट गुंडाळून परत गेलो. बाई सापडल्या. आधी घाबरल्या, मग स्वतःला बघून हसल्या. "अगं बाई, हे सूप बी आलंय की!" ठेवायला हरकत नाही म्हणाल्या. तोवर गल्ली जमली आणि जो तो आपलं घर शोधू लागला. त्यांचे सासरे मात्र नव्या घरांकडे बघतच नव्हते. ते प्रिंटच्या डाव्या कोपऱ्यात, बाभळींमध्ये बोट फिरवत होते. "ह्यो वेशीचा दगड. हितनं आमची गल्ली." मी तो फोटो शंभर वेळा मोठा करून पाहिला होता. तो दगड मला दिसला नव्हता.

ती प्रिंट मी तिथेच ठेवून आलो आणि त्याच आठवड्यात कॅमेरा घेतला.

मामूंचा फोटो आजही कपाटात आहे. तो ४५ मेगापिक्सेलवर निघाला असता तर नानी दिसली असती, आणि तिला ते आवडलं नसतं. आता मी तो पुन्हा मोठा करून बघत नाही. अम्मीला ठिपक्यात ती दिसते, तेवढं पुरे.

माझा नियम आता साधा आहे. प्रिंटमध्ये माणूस ओळखू येत असेल तर ती आधी त्याला दाखवायची. तो नको म्हणाला तर ती कपाटात. सहकाऱ्याला हा लेख पाठवतो आहे. बायकोला मात्र लेख चालणार नाही. गच्ची जूनच्या आत करायची आहे.