रिकामा संगणक फुकट नसतो

२०१६ साली वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर 'हेल्प स्टॉप टीबी' हा प्रकल्प सुरू झाला. क्षयाच्या जंतूभोवती मायकोलिक आम्लांचे कवच असते. ते समजून घेण्यासाठी लागणारी अफाट आकडेमोड नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या घरगुती संगणकांना वाटून दिली. वस्तीतल्या क्षयरुग्णांच्या घरी जाणारे आम्हीही घरच्या संगणकावर बॉइंक ही मोफत प्रणाली बसवून त्यात सामील झालो.

काही मित्र म्हणतात, "संगणक रिकामाच तर होता, यात तुमचे काय गेले?" वीज गेली! प्रोसेसर राबला की बिल वाढते, आणि ते आम्हीच भरतो. म्हणून आम्ही वापराची मर्यादा ५० टक्क्यांवर ठेवली. ज्यांना परवडत नाही त्यांनी हे करू नये. त्यात कमीपणा नाही.

मग करायचे कशासाठी? बॉइंकच्या अनेक प्रकल्पांत एकच काम दोन संगणकांना देतात आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. तिथे आडनाव चालत नाही, पदवी चालत नाही, पडताळणी चालते. विज्ञानाचा हा व्यवहार आम्हाला मोलाचा वाटतो.

मात्र संगणक रुग्णाला गोळी देत नाही. त्यासाठी त्याचे दार ठोठवावेच लागते. संगणक चालू ठेवला म्हणून ती फेरी चुकवण्याचा अधिकार आम्हाला मिळत नाही.