सॅलरी स्लिपमधली सगळ्यात छोटी ओळ

सॅलरी स्लिप आली की आपण आधी काय बघतो? सगळ्यात खाली, हातात किती पडणार ते. मग इन्कम टॅक्सने किती ओरबाडलं ते. मधली एक छोटी ओळ सहसा नजरेतून सुटते. 'पी. टी. 200 रुपये.' फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2500. एका वीकेंडच्या पिक्चर-पिझ्झाचे पैसे म्हणा ना!

पी. टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, सरकारी भाषेत व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो 1975 च्या कायद्याने आला आणि त्यामागचं मोठं कारण होतं रोजगार हमी योजना. शहरात पगार घेणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, त्यातून गावात रिकाम्या हातांना काम मिळायचं. कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 ला लागू झाला. 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर उदाहरण महाराष्ट्राचंच होतं.

माझ्यासाठी हे नुसतं जीके नाही. 1972 च्या दुष्काळात माझी आजी सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. सुकडी खाऊन दिवस काढले, असं सांगायची. पुढे रोजगार हमी आली आणि ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागली. त्या मजुरीवर घर तगलं, बाबांची शाळा सुटली नाही. बाबा शिकून पुण्यात आले, म्हणून मी मास कॉम करू शकले आणि आज एसीत बसून हे टाइप करतेय. माझी हुशारी वगैरे ठीक आहे. पण तिच्याखाली कुणा अनोळखी पगारदारांचा टॅक्स आहे आणि एक कायदा आहे.

म्हणून कॅन्टीनमध्ये 'आमच्या टॅक्सवर हे लोक जगतात' असं कुणी म्हटलं की मला वाद घालावासा वाटतो. अहो, जगू देत की! टॅक्स त्यासाठीच आहे. विचारायचंच असेल तर तो पैसा नीट पोचतो का, ते सरकारला विचारा.

इथेच आपला नंबर लागतो. रोजंदारीवरची बाई सरकारी ऑफिसात एक खेटा घालते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपला फार तर हाफ डे लागतो. आपल्याला फॉर्म वाचता येतो, साहेबाशी बोलताना जीभ अडखळत नाही, 'तुमचं नाव सांगा' म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो. प्रिव्हिलेज म्हणजे फक्त कार आणि फ्लॅट नाही बॉस, हेसुद्धा आहे.

मागच्या वर्षी आम्ही तिघींनी ते वापरून बघितलं. मैत्रिणीच्या ऑफिसमागे एक वस्ती आहे. तिथलं सार्वजनिक शौचालय दिवसचे दिवस साफ व्हायचं नाही. बायका तोंडी सांगून थकल्या होत्या. त्यांच्याबरोबर बसून आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. सफाईचं कंत्राट किती रुपयांचं, दिवसातून किती वेळा साफ करायचं, तपासणी कोण करतं? फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं. कागदावर सफाई रोज दोनदा होत होती! तो कागद घेऊन बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या, आम्ही मागे उभ्या. आता रोज एकदा साफ होतं. दोनदा अजून नाही. दुसरा अर्ज गेलाय.

दिवाळीत फराळ वाटणं, जुने कपडे देणं चांगलंच आहे, बंद करू नका. पण आपला फराळ चार दिवसांत संपतो. नळाला पाणी, शाळेत शिक्षक, दवाखान्यात औषधं ही कामं सरकारची आहेत आणि ती करून घेणं आपलं. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, विचारल्याशिवाय हलत नाही.

या महिन्याची स्लिप आली की ती छोटी ओळ नक्की वाचा. वर्षाला 2500 भरतोच आहोत, त्यावर 10 रुपयांचा एक अर्ज काही जड नाही. आणि विषय शोधायला लांब जायला नको. ऑफिसची मागची खिडकी उघडा, पुरे!