न गळणारे छत

काचीगुड्यातील आमचे घर १९८६ साली मी स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतले. स्थापत्यशास्त्राची पदवी होती, बांधकाम खात्यातील दहा वर्षांचा अनुभव होता. तिसऱ्याच पावसाळ्यात नेमके वडिलांच्या पलंगावर छत गळू लागले. वडील काही बोलले नाहीत. पलंग सरकवून त्यांनी तेथे पितळी घंगाळ ठेवले. पुढे दरवर्षी मृगाच्या सुमारास ते घंगाळ माळ्यावरून खाली येई.

हे सारे आठवले ते आयर्लंडमधील न्यूग्रेंजच्या थडग्यात उभा असताना. मुलगी डब्लिनला असते. तिनेच मला बॉइन नदीकाठच्या या टेकाडाकडे नेले. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ते रचले. धातू त्यांना ठाऊक नव्हता. टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर, पायथ्याशी ९७ प्रचंड शिळांचे कडे. आत १९ मीटर लांबीचा अरुंद मार्ग. अंग चोरून जावे लागते. शेवटी दालन. तेथील उथळ दगडी पात्रांत मृतांच्या दग्ध अस्थी ठेवीत.

लोक येथे येतात ते सूर्यकिरणासाठी. वर्षातील सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून शिरून सुमारे सतरा मिनिटे आतवर पोचतो. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओकेलींनी तो २१ डिसेंबर १९६७ रोजी पाहिला. आम्हांला तो विजेच्या दिव्याने दाखवण्यात आला. खरे सांगायचे तर मला ते थोडे नाटकी वाटले. माझी नजर वरच होती.

डोक्यावर सहा मीटर उंचीचे छत. शिळांचा एक थर, त्यावर किंचित आत सरकवलेला दुसरा, असे करीत अखेर एकाच शिळेने तोंड मिटवलेले. चुना नाही. हेमाडपंती मंदिरांच्या छतांतही हीच युक्ती दिसते, पण ती चार हजारांहून अधिक वर्षांनंतरची, घडीव दगडांची. आणि आयर्लंडच्या बारमाही पावसात हे दालन आजही कोरडे आहे!

ओकेलींनी मार्गावरचा दगडांचा थर उतरवला, तेव्हा छताच्या शिळांच्या वरच्या अंगाला पाणी बाजूला काढण्यासाठी कोरलेल्या पन्हळी आढळल्या. सांधे भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरून बुजवलेले होते. त्या भरावावरूनच बांधकामाचा काळ ठरवता आला. पन्हळी कोरून झाल्यावर त्यांवर शेकडो टन दगड रचले गेले. त्या कोणाच्याही दृष्टीस पडणार नव्हत्या. दर्शनी बाजूची पांढऱ्या गारगोटीची भिंत मात्र विसाव्या शतकात काँक्रीटच्या आधाराने पुन्हा उभारलेली. मूळची ती तशी होती का, यावर पुरातत्त्वज्ञांचे वाद आहेत. मला तीत आमच्या खात्याचा हात दिसला.

सिमेंट निकृष्ट निघाले, असे मी वडिलांना सांगितले होते. वस्तुतः गच्चीचा ढाळ मी तपासलाच नव्हता. वर कोबा पडणार, कोण पाहतो, असे त्या दिवशी मनात आले होते. पाणी नळाकडे न जाता त्यांच्याच खोलीवर साचत राहिले. १९९८ साली वडील गेले, त्याच खोलीत.

बाहेर आलो तेव्हा पाऊस लागला होता. "बाबा, एवढं काय बघत होता वर?" मुलीने विचारले. घंगाळ तिला आठवत होते. ढाळाचे मात्र मी तिला प्रथमच सांगितले.