कापाकापीचं सामान

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या देशी कॅमेऱ्याच्या आठवणीचा. त्या कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म ज्या टेबलावर कापली-जोडली, त्या टेबलाची मात्र कुठे खूण नाही. म्हणून ही यादी. क्रम लावलेला नाही. संकलकाच्या टेबलावरही तो आधी नसतोच.

कीचकवध. बाबूरावांचा 'सैरंध्री', १९२०. दृश्य इतकं खरं वठलं की सिनेमातून काढावं लागलं. काढलेले फूट गेले. मागाहून उरलेला सिनेमाही गेला.

हात. हे माप कापडवाल्यांचं, पण सिनेमाला चपखल बसायचं. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४. म्हणजे दीड फूट, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, बरोबर एक सेकंद. नटीने मान वळवायला घेतलेला वेळ असा हातावर मोजता यायचा. अकरा मिनिटांचं रीळ म्हणजे हजार फूट. ते उचलताना वेळेला वजन आहे हे मनगटाला कळायचं.

ग्रीस पेन्सिल. पिवळी नाहीतर पांढरी. फिल्मवर आडवी रेघ म्हणजे इथे काप. तिरकी लांब रेघ म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळू दे. आणि सांध्यावर दोन छोट्या समांतर रेघा म्हणजे इथे चुकून कापलंय, सलग समज. चूक कबूल करायला स्वतंत्र खूण असलेले धंदे फार नसावेत.

सिमेंट. घरबांधणीचं नव्हे. ब्लेडने फिल्मवरचा थर खरवडायचा, ब्रशने सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. नेलपॉलिशसारखा वास. अशा सांध्यात फ्रेम खर्ची पडते, त्यामुळे मन बदललं की सिनेमा तेवढा आखूड. पुढे चिकटपट्टी आली आणि मन बदलणं स्वस्त झालं.

पांढरे सुती हातमोजे. निगेटिव्ह कापणाऱ्याचे. कडेला छापलेले आकडे जुळवून तो मूळ फिल्मला कात्री लावायचा. ती एकच प्रत.

वीस फ्रेम. पडद्यासाठीच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेला असे. तुटलेलं रीळ ऑपरेटरने चार फ्रेम कापून जोडलं की आधी चित्र उडी मारायचं, मग सेकंदाच्या आत आवाज. शिट्ट्या त्याच्याही मागून.

ट्रिमची पिशवी. वर दांड्याला खिळे, खाली कापडी झोळी. न लागणारे तुकडे खिळ्याला टांगलेले, त्यांच्या शेपट्या झोळीत. पोरांच्या हाती लागायच्या त्या मात्र थिएटरातल्या तुटक्या पट्ट्या. उडालेल्या बल्बच्या पोटात पाणी भरायचं, दारातून आरशाने ऊन पाडायचं, अंधारात धोतराचा पडदा. उलटी धरली तरच सुलटी दिसायची. नायक हलायचा नाही, पण असायचा.

नाइट्रेटचे डबे. आग हा या फिल्मचा जन्मजात दोष. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली; तिच्या तिथल्याच आवारात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नाइट्रेट रिळं जळाली. जी आगीतून वाचतात ती व्हिनेगरसारखा वास मारत कुजतात, असं लोक म्हणतात. पण तो वास नंतरच्या ॲसिटेट फिल्मचा. नाइट्रेट चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते.

दोन व्हीसीआर. यांना या यादीत घेताना जरा जड जातं, कारण हे फिल्मचे नव्हेत. पण लग्नाच्या कॅसेटचा काळ यांचाच. एकावर मूळ टेप, दुसऱ्यावर कोरी. पहिल्या दृश्यापासून ओळीने उतरवत जायचं. अक्षता, सप्तपदी, पंगत सगळं झालं, आणि मग नवरीच्या बापाचा निरोप : "मामाचा आहेर राहिला की!" मधे जागा करता येत नाही. आहेरापासून पुढचं सगळं पुन्हा. नाहीतर प्रतीची प्रत काढायची, म्हणजे शालूचा लाल नवरीच्या गालावर ओघळणार.

१९८९ मध्ये अमेरिकेत 'ॲव्हिड' हे संगणकावर संकलन करणारं यंत्र दाखवलं गेलं. या यंत्रात काहीच कापलं जात नाही. मूळ चित्रण जागच्या जागी राहतं. कुठून कुठपर्यंत दाखवायचं, एवढीच टिपणं. क्रम मोडला तरी फिल्मला ओरखडा नाही.

परवा एका स्टुडिओत बसलो होतो. पडद्यावर ब्लेडचं चित्र, बाजूला 'बिन' नावाचं खोकं. बिन का म्हणतात, असं एडिटर पोराला विचारलं. "कचऱ्याचा डबा असंल," तो म्हणाला. मी खिळे आणि झोळी हवेत काढून दाखवली. तोवर त्याने कुणाच्यातरी मामाला सप्तपदी आणि पंगतीच्या मधे सोडलं होतं, आणि पंगत आपसूक पुढे सरकली होती.