लेणी बंद, वर्ग सुरू

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. बाहेरून येणाऱ्याला हे बहुधा फाटकापाशी पोचल्यावर कळतं. गावातल्या पोरांचा आठवडा मात्र या एका सुट्टीवर बेतलेला असतो. फाटकाबाहेर गारगोट्या, माळा आणि माहितीपुस्तिका विकणारी, हॉटेलांत टेबलं पुसणारी, गाड्या लावून देणारी, सीताफळाच्या दिवसांत घाटात टोपल्या मांडून बसणारी मुलं मंगळवारी जरा मोकळी असतात. म्हणून आमचा वर्ग मंगळवारी भरतो.

वर्ग म्हणजे घृष्णेश्वराच्या मंदिरापासून थोड्या अंतरावर एका गृहस्थांनी दिलेली खोली. त्यात दोन सतरंज्या, एक फळा, एक जुना संगणक आणि पुस्तकांचं कपाट. मी छत्रपती संभाजीनगरला ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर ओळखीच्या शिक्षकांनी विचारलं, आठवड्यातून एकदा मुलांसाठी याल का? तीसेक किलोमीटरचा रस्ता, एसटी हात दाखवला की थांबते, म्हणून हो म्हटलं. तेव्हापासून येते आहे.

गावागावांत मार्गदर्शन शिबिरं होतात. पाहुणे येतात, मोठी स्वप्नं बघा म्हणतात, हार घेतात, जातात. वेरूळच्या पोरांना स्वप्नांची वानवा नाही. फाटकावर उभं राहून त्यांनी जगभरची माणसं बघितली आहेत. नववीतला पोरगा जपानीत आकडे मोजतो, कोरियन पाहुण्याला नमस्कार करतो, फ्रेंच बाईला गारगोटी कशी हाताळायची ते सांगतो. त्याला अडतं ते दुसरीकडेच. बारावीनंतरचा अर्ज कोण भरून देणार, जातवैधतेचं प्रमाणपत्र किती आधी टाकायचं, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा लागतो, परीक्षेचं केंद्र परजिल्ह्यात आलं तर आदल्या रात्री राहायचं कुठं! ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचे फोटो निघत नाहीत, आणि आमच्या मंगळवारातले निम्मे तास त्यातच जातात. मला त्याबद्दल जराही खंत नाही. एका मुलाने भरतीत मैदान मारलं, लेखीत गुण मिळवले, आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडला, कारण दाखल्यावरची तारीख मुदतीनंतरची होती. त्याची आई शेतात मजुरीला जाते. त्या घरात तो दाखला आधी वाचून बघणारं कोणी असतं, तर आज त्याच्या अंगावर वर्दी असती. तेव्हापासून फळ्याचा उजवा कोपरा तारखांसाठी राखलेला आहे, तो कोणी पुसत नाही.

मुलींची अडचण आणखी वेगळी. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे गावातलं लहान मूलही सांगतं. ज्या एसटी पासावर खेड्यातल्या मुली बारावीपर्यंत मोफत शाळेला जातात, त्या योजनेलाही अहिल्याबाईंचंच नाव आहे. बारावी झाली की तो पास संपतो. पुढे सवलतीचा पास मिळतो, पण त्याला पैसे लागतात, आणि घरातली चर्चा तिथेच सुरू होते. भावाचं शिक्षण आहे, काकाच्या ओळखीत स्थळ आहे, शहरात एकटी कशी राहील. पाससाठी लागणारी रक्कम मोठी नसते, निमित्त मात्र तेवढं पुरतं. आम्ही काही ओळखीचे लोक मिळून पहिल्या वर्षाचा पास काढून देतो. दुसऱ्या वर्षी बहुतेक घरांतून पैसे आपोआप येतात, कारण तोवर मुलगी रोज सुखरूप परत येते हे आईबापांनी पाहिलेलं असतं.

पोलीस भरतीची ओढ इथे मोठी आहे. मैदानी परीक्षा 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणं, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाले तरच लेखीकडे जाता येतं. मुलींचा गोळा चार किलोचा. आमच्याकडे तो नव्हता. मुलींनी काय करावं? किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक दगड ठेवत बरोबर चार किलोचा काळा कातळ शोधून काढला, त्याचे कोपरे घासले, आणि खरा गोळा येईपर्यंत तोच फेकला. पहाटे खुलताबादच्या घाटाकडे त्या धावायच्या तेव्हा पुढे-मागे गावातले दोन मोठे भाऊ मोटारसायकलवर असायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकीच्या आजीने सुरुवातीला "पोरीच्या जातीला हे काय धावणं" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. हल्ली पहाटे गूळ-शेंगदाण्याची पुडी तीच बांधून देते.

लेण्यांचं शिकणं मागाहून सुरू झालं, आणि ते मुलांनीच मागितलं. चौतीस लेणी गावाला लागून आहेत. पहिली बारा बौद्ध, मग सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. 1983 पासून जागतिक वारसा. आणि या मुलांतली बरीचशी फाटकाच्या आत शाळेच्या सहलीपुरतीच गेलेली. पैसे घेऊन माहिती सांगायला परवाना लागतो, तो मिळवणं सोपं नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना फुकट दाखवायला काय हरकत आहे, असं एका मुलीनेच विचारलं. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि नोव्हेंबरातला 19 ते 25 तारखांचा वारसा सप्ताह आम्ही त्यासाठी धरला. कपाटातली पुस्तकं पहिल्यांदा झिजायला लागली. चक्रधरस्वामींचा मुक्काम याच लेण्यांत होता, हे लीळाचरित्रातून वाचून दाखवलं त्या दिवशी मुलं घरी जायलाच तयार नव्हती.

विश्वकर्मा लेण्यापाशी, म्हणजे दहाव्यात, एक मुलगा बोलतो. तो चैत्याच्या फासळ्यांपासून सुरुवात करत नाही, 1934 पासून करतो. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी बघायच्या बेताने निघाले होते, आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना अडवलं गेलं, शिवीगाळ झाली. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे 1950 मध्ये त्यांनी छत्रपती संभाजीनगर शहरात महाविद्यालय काढलं, तेच मिलिंद. "माझे आजोबा तिथं शिकले," असं सांगून मग तो वर बघायला सांगतो. लहान मुलं छताकडे बघतात, लाकडासारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या मोजतात. त्याची ही मांडणी मी बदलू दिली नाही.

आणि कैलास. तिथे बोलणारी मुलगी पोरांना आधी बाजूच्या डोंगरावर चढवते. खाली सोळावं लेणं उघडं पडलेलं दिसतं, मागची कातळभिंत शंभर फुटांहून खोल उतरलेली. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, हे ती एका वाक्यात संपवते. तिचे वडील दगडाचं काम करतात. वर्गाच्या आग्रहावरून ते एकदा आमच्यासोबत आत आले होते. आयुष्यभर गावात राहून त्यांनी कैलास निवांत कधी बघितलं नव्हतं. बराच वेळ ते भिंतीला हात लावून चालले. टाकीचे तिरके ओरखडे होते तिथे थांबले, बोटाने एकेक रेघ चाचपली. म्हणाले, "मॅडम, हे वरून खाली आलेत. माणूस उभा राहून मारतो तेव्हा घाव असा पडतो. आणि हितं बघा, हा गडी डावरा होता." मग पहार कुठे बसली असेल, सुतकीचा आवाज बदलला की दगड कोणत्या बाजूने सुटणार हे कसं कळतं, हे ते मुलांना सांगत राहिले. माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. आता ती मुलगी कळस आधी आणि पाया शेवटी कसा झाला हे वडिलांच्या शब्दांत सांगते, डावऱ्या कारागिराच्या रेघा दाखवते, आणि तिसरीतली पोरं हवेत टाकी धरून बघतात. रावण कैलास हलवतो त्या शिल्पापाशी तर कोणाला बोलावंच लागत नाही.

श्रावणात आणि महाशिवरात्रीला आमचा वर्ग नसतो. तेव्हा सगळी मुलं मंदिराच्या रांगेत पाणी वाटायला, हरवलेल्यांना शोधायला, म्हाताऱ्यांना हात द्यायला असतात. त्यांना स्वयंसेवा शिकवायला मी गेले नव्हते. या गावाला शतकानुशतकं यात्रेकरूंची सवय आहे, आल्यागेल्याचं करणं त्यांच्या अंगवळणी आहे. कोणीतरी उलट त्यांचंही करायला हवं, एवढंच मला वाटतं.

गेल्या पावसाळ्यापासून मुलांच्या डोक्यात नवं खूळ आहे. मंगळवारी चुकून आलेली कुटुंबं बंद फाटकापाशी हिरमुसून उभी राहतात. त्यांना गाव दाखवायचं. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष, शहाजीराजांचं स्मारक, शिवालय तीर्थाच्या पायऱ्या, मग घृष्णेश्वर, आणि शेवटी कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. पैसे घ्यायचे का, यावर वर्गात दोन तट पडले. मी घ्या म्हटलं. भाकरी थापणाऱ्या मावशींना त्यांच्या कष्टाचं मिळालं पाहिजे, यावर मी ठाम राहिले. सध्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दर लिहायचं चाललं आहे, उजवीकडे भरतीच्या तारखा आहेत, आणि नाशिकचं एक कुटुंब पुढच्या मंगळवारी मुद्दाम येतं म्हणालंय.