स्लिपवरचे आकडे

पलूस, ९ जुलै
दूध संस्थेचा जुना प्रोग्रॅम बदलायचं काम घेतलंय. एका सभासदानं स्लिप पुढे केली. सकाळ १.१ लिटर, संध्याकाळ २.२, एकूण ३.३००००००००००००००३. "ह्यो शेवटचा तीन कुणाच्या नावावर?" म्हणाला. काट्यात खोट नाही. बेरीज आणि छपाई यांच्या मधे कुठंतरी पाणी मुरतंय.

१० जुलै
संगणक अपूर्णांक धरतो ते अर्धा, पाव, अष्टमांश असे. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानं त्याला ५३ बिटांची जागा दिली. गाईच्या दुधाच्या मूळ दराचे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) त्यात तंतोतंत बसतात. ३.६ बसत नाही, आत ३.६०००००००००००००००८८८… असं काहीतरी पडून असतं. म्हणजे ३.५-८.५ टाकून चाचणी घेणाऱ्याला कधीच काही सापडणार नाही! १ एप्रिल १९५७ च्या आधीचा रुपया, १६ आणे म्हणजे ६४ पैशांचा, या यंत्राला बिनबोभाट मानवला असता.

११ जुलै
१७ अंक छापले की आतली संख्या नक्की परत मिळते, पण साधा ०.१ सुद्धा ०.१०००००००००००००००१ दिसतो. परत वाचल्यावर तीच संख्या येईल एवढेच कमीत कमी अंक छापायची रीत गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९० मध्ये मांडली. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा २००९ पासून तसंच छापते. त्यामुळे ३.६ नीट ३.६ दिसतो. बेरजेचं शेपूट मात्र राहतं, कारण ती बेरीज आतल्या ३.३ पेक्षा खरोखरच वेगळी आहे. छपाई खोटं बोलत नाही.

१३ जुलै
दोनच दशांश छाप म्हटलं तर २.६७५ चे २.६७ होतात, कारण आत २.६७४९९९… असतं. सभासद तोंडी हिशोबात २.६८ धरतो. म्हणून दूध मिलिलिटरमध्ये, फॅट दहापट करून, रक्कम पैशात, सगळे पूर्णांक ठेवले. टिंब फक्त छापताना.
दरानं गुणल्यावर अर्धा पैसा उरतोच. तो कुठं ढकलायचा, हे प्रोग्रॅमवर सोडलं नाही, सचिवांना विचारलं. "सभासदाकडं. आणि तसं फळ्यावर लिहा," म्हणाले.